स्टीलच्या डब्यात अन्न गोठवायचं कसं

आई चिपळूणला एकटी राहते. महिन्यातून एकदा मी ठाण्याहून जाते आणि दोन दिवसांत तिच्या फ्रीजरमध्ये दहा-बारा डबे भरून ठेवते. मुगाची उसळ, डाळिंब्या, पुरण, कांदा-खोबऱ्याचं वाटण, सुरमईचे तुकडे, असं काय काय. सगळे डबे स्टीलचे, बहुतेक तिच्याच फडताळातले. काहींवर अजून आजोबांचं नाव आणि खाली साल कोरलेलं आहे.

हे करताना सुरुवातीला बऱ्याच चुका झाल्या आणि काही अन्न फेकावं लागलं. प्लास्टिक सोडून स्टीलकडे वळणारी माणसं आता आजूबाजूला पुष्कळ दिसतात आणि तीच चूक प्रत्येकाकडून नव्याने होते. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. अन्न वितळलं की ते जिथे थांबले होते तिथून पुन्हा वाढू लागतात. त्यामुळे दुपारभर ओट्यावर राहिलेली, जरा वास यायला लागलेली आमटी फ्रीजरमध्ये टाकून वाचत नाही. ताजं, नीट शिजलेलं अन्न जितक्या लवकर गोठेल तितकं ते चांगलं राहतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

पहिलं काम : फ्रीजर किती थंड आहे ते बघा

महिनोन् महिने अन्न टिकवायचं तर फ्रीजर उणे १८ अंश सेल्सिअसला असावा लागतो. दोन दारांच्या फ्रीजमध्ये हे सहसा जमतं. एका दाराच्या फ्रीजमध्ये वरचा जो बर्फाचा कप्पा असतो, त्याचं तसं नाही. त्या कप्प्याच्या दारावर किंवा माहितीपुस्तिकेत चांदण्या असतात. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथी, मोठी चांदणी असेल तर त्या कप्प्यात ताजं अन्न नव्याने गोठवताही येतं. फ्रीजच्या दारावर विजेच्या बचतीचं जे स्टिकर असतं, त्यावरच्या चांदण्या वेगळ्या. त्या वीज किती लागते ते सांगतात, फ्रीजर किती थंड होतो ते सांगत नाहीत. या दोन्हींत फार लोकांची गल्लत होते.

फ्रीजचा साधा थर्मामीटर घ्या आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. कप्पा उणे ६ लाच असेल तर त्यात शिजवलेलं अन्न आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नका. उणे १२ ला महिनाभर. खाली मी जे महिने सांगितले आहेत, ते सगळे उणे १८ धरून आहेत.

डबा कोणता घ्यायचा

स्टेनलेस स्टील गारठ्याने तडकत नाही. काचेची बरणी फ्रीजरमधून काढून नळाखाली धरली तर फुटू शकते, स्टीलच्या डब्याला काही होत नाही. त्यात हळदीचा डाग बसत नाही, माशाचा वास राहत नाही आणि पडला तर फार तर पोचा येतो.

स्टीलमध्येही प्रकार आहेत. ३०४ म्हणजेच १८/८ या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. आंबट पदार्थांना हे चांगलं. बाजारातली बरीच स्वस्त भांडी २०२ ची असतात, त्यांत निकेल कमी आणि मँगनीज जास्त. ती गंजायला लवकर लागतात. लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे स्टील उत्तम, असं दुकानात सांगतात. पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि उलट ३०४ चा डबा ठोकून-दाबून घडवताना त्याच्या काठाला थोडं चुंबकत्व येऊ शकतं. चुंबकावर विसंबू नका. तळाला ३०४ किंवा १८/८ चा छाप आणि आयएसआयची खूण बघा. स्टीलच्या भांड्यांचा मानक क्रमांक आयएस १४७५६ आहे.

घरात इतर धातूंची भांडीही असतात. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या डब्यात चिंच, कोकम, टोमॅटो किंवा दही घातलेलं काहीही ठेवू नका. आंबटाने तो धातू अन्नात उतरतो आणि डब्याला आतून काळे डाग पडतात. तांब्या-पितळेचं भांडं कल्हई असली तरी साठवणीला नको. लोखंडी कढई शिजवायला उत्तम, पण त्यातच भाजी ठेवून गोठवली तर चवीला लोखंड उतरतं आणि कढई गंजते.

दुहेरी भिंतीचे, मधली हवा काढलेले थर्मासचे डबे फ्रीजरमध्ये ठेवू नका. ते उष्णता अडवायलाच बनवलेले असतात, त्यामुळे आतलं अन्न तासन् तास कोमट राहतं. वर आतलं पाणी फुगून भिंतीचा जोड सुटला की थर्मास कायमचा निकामी. डबा एकेरी पत्र्याचाच हवा.

आणि सीलबंद टिनचे डबे. परदेशात राहणारी आपली माणसं हापूसच्या रसाचा टिन सर्रास आणतात. तो तसाच फ्रीजरमध्ये टाकायचा नाही. रस फुगतो, टिनच्या शिवणीवर ताण येतो आणि डोळ्यांना न दिसणारी फट पडते. पुढे तो टिन बाहेर ठेवला तर त्या फटीतून जंतू शिरतात आणि आतला रस घातक होऊ शकतो. टिन उघडा, रस स्टीलच्या डब्यांत काढा आणि मग गोठवा.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे : बसका आणि रुंद डबा घ्या. उंच पुडाचे डबे पिठा-साखरेसाठी ठीक. अर्धा ते पाऊण लिटरचे चौकोनी डबे एकमेकांवर नीट बसतात आणि एका डब्यात दोघांचं एक जेवण मावतं.

झाकणाचा विचार मी बरीच वर्षं केला नव्हता. मग एकदा रात्री आईचा फोन आला, "अगं, त्या उसळीच्या डब्याचं झाकण काही निघेना." तिची बोटं आता आखडतात. दाबून बसवायचं स्टीलचं झाकण तिने ओढून बघितलं, चमच्याने उचकटून बघितलं आणि शेवटी दूधपोहे खाऊन झोपली. तेव्हापासून तिच्यासाठी मी चारही बाजूंना कड्या असलेले आणि सिलिकॉनची रिंग असलेले डबे आणते. सिलिकॉन गारठ्यात मऊच राहतं. स्वस्त प्लास्टिकची झाकणं मात्र उणे १८ ला ठिसूळ होतात आणि उघडताना कोपऱ्यात तडकतात. त्याचा कपचा अन्नात पडला तर दिसतही नाही.

निववणं : सगळ्यात जास्त चुका इथेच

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. सहा माणसांची डाळिंब्यांची उसळ केली होती. उरलेली दोन लिटर उसळ गरम-गरमच एका उंच डब्यात भरली, घट्ट झाकण लावलं आणि फ्रीजरमध्ये सारून दिली. वाटलं, एवढ्या गारठ्यात कशी खराब होईल? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा उघडला तर कडेला बर्फ आणि मध्ये डाव घातला तिथे मऊ, आंबूस वासाची उसळ. कडेचं गोठलेलं अन्न मधल्या गरम अन्नाला दुलईसारखं झाकून बसलं होतं. मधला भाग कित्येक तास कोमट राहिला. शेजारच्या डब्यातलं खोबरंही त्याच्या उष्णतेने सुटलं होतं. दोन्ही फेकलं.

शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या खाली आणि ५ अंशांच्या वर जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात. दोन तासांच्या आत ते फ्रीज किंवा फ्रीजरमध्ये जायला हवं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, स्वयंपाकघर ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा, एका तासात. भाताला हे जास्तच लागू. तांदळात असे काही जंतू असतात की त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात गोठवू नका आणि फोडणीलाही टाकू नका.

निववायची रीत अशी. मोठी परात घ्या, त्यात गार पाणी आणि बर्फाचे खडे घाला. अन्न आधी बसक्या डब्यांत वाढून घ्या, थर दोन इंचांच्या वर नको. झाकण न लावता डबे परातीत ठेवा. पाणी डब्याच्या अर्ध्या-पाऊण उंचीपर्यंत येऊ द्या. अधूनमधून डावाने ढवळा. पाणी कोमट झालं की बदला. वीस मिनिटांत वाफाळती उसळ हाताला गार लागते. इथे स्टीलचा खरा फायदा दिसतो. प्लास्टिकपेक्षा स्टील कित्येक पटींनी लवकर उष्णता सोडतं, त्यामुळे प्लास्टिकच्या डब्यात हेच काम फार रेंगाळतं.

दोन इंचांचा थर का, तेही सांगते. थर दुप्पट केला की गोठायला दुप्पट वेळ लागत नाही, तिप्पट-चौपट लागतो. चार इंचांच्या डब्यापेक्षा दोन इंचांचे दोन डबे केव्हाही बरे. हळू गोठलेल्या अन्नात बर्फाचे खडे मोठे होतात, ते भाजीच्या, माशाच्या पेशी फोडतात आणि वितळल्यावर सगळं पाणचट होतं. म्हणजे यात सुरक्षितता आहे आणि चवही.

दोन बोटं जागा सोडा

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. एक लिटर आमटीचा जवळजवळ १,०९० मिलीलिटर बर्फ होतो. ती वाढ कुठेतरी जाणारच. काठोकाठ भरलेल्या डब्यात ती झाकणाला वर ढकलते, कड्या निसटतात, किंवा तळ फुगून डबा डुगडुगायला लागतो. एकदा तळ फुगला की तो डबा सपाट बसत नाही.

आमटी, रस्सा, आमरस, सूप अशा पातळ पदार्थांना वर दोन बोटं जागा सोडा. उसळ, पुरण, वाटण अशा घट्ट पदार्थांना एक बोट पुरे. मटार, खोबरं असे सुटे, कोरडे पदार्थ जवळजवळ काठापर्यंत भरले तरी चालतात, कारण दाण्यांच्या मध्ये पोकळी असतेच.

पण जास्त जागा सोडणंही चुकीचंच. रिकाम्या जागेतली कोरडी, गार हवा अन्नातलं पाणी ओढून घेते. वरचा थर पांढुरका, सुकलेला आणि चिवट होतो. असं अन्न विषारी नसतं, पण चव गेलेली असते. त्यासाठी बटर पेपर डब्याच्या आकाराचा कापून अन्नाच्या पृष्ठभागावर थेट दाबून बसवा, मग झाकण लावा. रिंग नसलेल्या साध्या डब्यांना तर हे हवंच, कारण त्यांचं झाकण हवाबंद नसतं.

झाकण पहिल्याच दिवशी करकचून लावू नका. नुसतं टेकवून ठेवा. चार-सहा तासांनी, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, अन्न टणक झालं की मग कड्या बसवा. झाकण लावण्याआधी डब्याचा काठ कोरड्या फडक्याने पुसा. काठावर राहिलेला रश्शाचा थेंब गोठतो आणि झाकण सिमेंटने चिकटवल्यासारखं बसतं.

आत काय आहे ते लिहा

स्टीलच्या डब्यातलं बाहेरून दिसत नाही. ही त्याची एकच मोठी खोड. आजोबांचं नाव घातलेले आमचे डबे बघून सांगता येतं की डबा कोणाचा, पण आत पुरण आहे की वाटण, ते उघडल्याशिवाय कळत नाही. मी रंगकाम करणारे वापरतात ती कागदी चिकटपट्टी आणते आणि त्यावर न पुसणाऱ्या पेनाने लिहिते : पदार्थ, तारीख, किती जणांचं. पट्टी डबा कोरडा असताना आणि गार होण्याआधीच, म्हणजे भरण्यापूर्वी लावायची. गारठलेल्या, दव धरलेल्या स्टीलला ती चिकटत नाही. झाकणावर लावू नका, बाजूला लावा. धुताना झाकणं एकमेकांत बदलतात आणि उसळीच्या डब्यावर पुरणाचं नाव येतं.

आईसाठी मी अक्षर मोठं काढते आणि तिखट असेल तर लाल पेन वापरते.

फ्रीजरमध्ये ठेवताना

डब्याचा तळ कोरडा करून ठेवा. परातीतल्या पाण्यातून काढलेला डबा पुसायचा राहिला तर तो फ्रीजरच्या तळाला गोठून चिकटतो. आमच्याकडे असा एक डबा सुटेना म्हणून मी सुरीच्या टोकाने बर्फ खरवडला. फुस्स असा आवाज आला, हलका तेलकट वास आला आणि तासाभराने फ्रीज गार होणं बंद झालं. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्या आतूनच गॅसची नळी फिरते. सुरीने तीच फुटली होती. तेव्हापासून डबा चिकटला तर मी फ्रीज बंद करते, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं डब्याभोवती ठेवते आणि वाट बघते. चमचा, सुरी, उलथनं, काहीही टोकदार लावायचं नाही.

नवे डबे पहिल्या दिवशी एकावर एक रचू नका. सुटे ठेवा, भोवती हवा खेळू द्या. एका दाराच्या फ्रीजमध्ये ते तळाच्या थंड पत्र्याला टेकतील असे ठेवा. टणक झाले की मग रचा. आणि निववलेले असले तरी एका वेळी चार-पाचांपेक्षा जास्त नवे डबे कोंबू नका, नाहीतर आधीचं गोठलेलं अन्न सुटायला लागतं. कच्चं मांस-मासे नेहमी तळाला, शिजवलेलं वर. वीज गेली आणि कच्च्याचं पाणी सुटलं तर ते शिजलेल्या अन्नावर गळता कामा नये.

डबा काढताना हात कोरडा हवा. ओल्या बोटांची कातडी उणे १८ च्या धातूला चिकटते. चिकटलीच तर हिसका देऊ नका, कोमट पाणी सोडा. घरात लहान मूल असेल तर त्याला डबा चाटू देऊ नका. कुल्फीच्या साच्याला जीभ चिकटलेली ज्याने अनुभवली आहे त्याला हे सांगायला नको.

कुल्फीवरून आठवलं. पूर्वी मे महिन्यात घरोघरी पॉटचं आइस्क्रीम व्हायचं. लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ, आणि मध्ये फिरणारा धातूचा डबा. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्या खूप खाली, उणे २० च्या आसपास जाऊ शकतं, आणि धातूचा डबा तो गारठा दुधापर्यंत चटकन पोचवतो. म्हणजे धातूच्या डब्यात गोठवणं आपल्याकडे मुळीच नवं नाही.

काय गोठवावं, किती दिवस

मटार हिवाळ्यात स्वस्त असतो तेव्हा पाच किलो आणून सोला. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं सोडा, रोळीत उपसा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. न उकळता गोठवलेला मटार काही आठवड्यांत गवतासारखा लागतो, कारण दाण्यातली पाचकद्रव्यं गारठ्यातही हळूहळू काम करत राहतात. मग फडक्यावर कोरडे करा, स्टीलच्या ताटात एका थरात पसरा आणि तास-दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. दाणे खडखडले की डब्यात भरा. असं केलं की गोळा होत नाही, हवे तेवढे मूठभर काढता येतात. आठ-दहा महिने छान राहतात.

खोवलेलं ओलं खोबरंही असंच ताटात पसरून. मात्र खोबऱ्यात तेल आहे आणि तेल फ्रीजरमध्येही हळूहळू खवट होतं. दोन-तीन महिन्यांत संपवा.

पुरण फार गुणी. होळीला जास्तीचं शिजवून, वाटून, पूर्ण निववून डब्यात दाबून भरा. तीन महिने चवीत फरक पडत नाही. वितळल्यावर जरा सैल वाटलं तर कढईत परतून घ्या. उसळी, आमट्या, सांबार, कांदा-खोबऱ्याचं वाटण, आलं-लसणाचं वाटण हेही दोन-तीन महिने. गवळ्याकडून मिळालेला चीक लगेच खरवस करायचा नसेल तर तोही दोन बोटं जागा सोडून गोठवता येतो.

आमरस साठवायचा तर पूर्ण पिकलेला, न डागलेला आंबा घ्या. कोयी-साली काढून रस गाळा आणि अर्ध्या लिटरच्या डब्यांत भरा. थोडी साखर घातली तर रंग आणि पोत दोन्ही टिकतात. वर बटर पेपर दाबून बसवायला विसरू नका, नाहीतर वरचा थर तपकिरी होतो. दूध मिसळलेला रस गोठवू नका, दूध वितळताना वेगळं होतं. अशा रसाचा डबा दिवाळीला उघडला की पोळीबरोबर घरातल्या सगळ्यांची एक वाटी जास्त जाते.

मासे. जून-जुलैत बोटी बंद असतात, म्हणून मे अखेरीला कोकणात पुष्कळ जण साठवण करतात. इथे एक सावधगिरी जिवाची आहे. सुरमई, बांगडा या माशांना बाजारातून येता-येता ऊन लागलं तर त्यांत हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार होतं. अंगावर लाल चट्टे येतात, डोकं ठणकतं, उलट्या होतात. ते गोठवून जात नाही आणि तळूनही जात नाही. म्हणून बाजारात बर्फाचा डबा घेऊन जा. घरी आल्यावर लगेच साफ करा, तुकडे पुसून एका जेवणाचे एका डब्यात ठेवा. वर गार पाणी घाला, तुकडे पूर्ण बुडतील इतकंच, आणि वर जागा सोडा. बर्फाच्या त्या लादीत हवा लागत नाही. सुरमई-बांगड्यासारखे तेलकट मासे दोन-तीन महिने, पापलेट थोडं जास्त. मीठ चोळून महिनोन् महिने स्टीलमध्ये ठेवू नका, मिठाने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

आणि हे गोठवू नका : दही, ताक, कढी (फुटतात), काकडी आणि कोशिंबिरी (पाणी होतं), उकडलेलं अंडं (पांढरं चिवट होतं), बटाट्याच्या फोडी असलेला रस्सा (बटाटा रवाळ आणि स्पंजासारखा होतो). कुस्करलेल्या बटाट्याचं मात्र चालतं.

झाकण निघेना तर

दोन कारणं असतात. एक, काठावरचं पाणी गोठलेलं. दोन, डबा कोमट असताना घट्ट बंद केलेला, त्यामुळे आतली हवा आकसून झाकण आत ओढलं गेलेलं. दोन्हींवर उपाय एकच. गरम पाण्यात फडकं बुडवून, पिळून झाकणाच्या काठाभोवती गुंडाळा आणि दोन मिनिटं थांबा. झाकण स्टीलचं असेल तर डबा उलटा करून काठावर अर्धा मिनिट नळाचं पाणी सोडा. सुरीने उचकटलं तर काठ वाकतो आणि मग ते झाकण कधीच नीट बसत नाही.

वितळवणं आणि गरम करणं

उत्तम म्हणजे आदल्या रात्री डबा फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवणं. अर्ध्या लिटरचा डबा सकाळपर्यंत सुटतो. घाई असेल तर परातीत गार पाणी घेऊन झाकण घट्ट लावलेला डबा त्यात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. पाणी झाकणापर्यंत येऊ देऊ नका. असं वितळवलेलं लगेच शिजवा. ओट्यावर दिवसभर ठेवून वितळवू नका.

रस्सा-आमटीला वितळवायचीही गरज नसते. डबा बाहेरून अर्धा मिनिट नळाखाली धरा आणि कढईत उलटा करा, लादी अलगद सुटते. वर चार चमचे पाणी, झाकण, मंद आच. डबाच गॅसवर ठेवू नका. पातळ पत्रा जळतो, तळ वाकतो आणि सिलिकॉनची रिंग खराब होते. मायक्रोवेव्हमध्ये स्टील अजिबात नको, अन्न काचेच्या भांड्यात काढून घ्या.

गरम म्हणजे मधोमध वाफ निघेपर्यंत गरम, ७५ अंशांच्या आसपास. पातळ पदार्थाला उकळी फुटली पाहिजे. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळलेलं, वापरलं नाही तर पुन्हा गोठवता येतं, चव थोडी उतरते. बाहेर वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

वीज गेली तर

दार उघडू नका. भरलेला फ्रीजर दार बंद ठेवलं तर साधारण ४८ तास गारठा धरतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून रिकामी जागा असेल तर पाणी भरलेले डबे (दोन बोटं सोडून) ठेवून द्या. वीज आल्यावर ज्या डब्यात अजून बर्फाचे खडे आहेत ते पुन्हा गोठू द्या. जे पूर्ण सुटून कोमट झालं आहे ते वास चांगला असला तरी टाका. वासावरून घातक जंतू कळत नाहीत.

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळुणात कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पुराचं पाणी ज्या डब्यांना लागलं त्यांतलं अन्न, झाकण कितीही घट्ट असलं तरी, टाकावंच लागतं. प्लास्टिकचे डबेही टाकावे लागतात. स्टीलचे मात्र साबणाने घासून उकळत्या पाण्यात काढले की परत वापरता येतात. आईच्या आळीत त्या दिवसांत अंगणाअंगणात अशी उकळलेली भांडी उन्हात मांडलेली होती.

मी ठाण्यात असताना तिकडे वीज किती वेळ गेली ते मला कळत नाही, म्हणून तिच्या फ्रीजरमध्ये एक छोटी स्टीलची वाटी ठेवली आहे. वाटीत पाणी गोठवून वर पाच रुपयांचं नाणं ठेवलेलं. नाणं वरच असेल तर सगळं ठीक. अर्ध्यापर्यंत बुडालेलं असेल तर डबे तपासायचे. तळाला गेलेलं दिसलं तर काहीच उघडायचं नाही, आधी मला फोन करायचा, असं आमचं ठरलं आहे.